घसरणारं स्टँड

मावशीनं सव्वीस वर्षं बुटांचे तळ कापले. रबराचा तुकडा अंगठ्यानं दाबला, की तो ओल्या फरशीवर धरेल की दगा देईल, हे ती डोळे मिटून सांगायची. मग कारखाना बंद पडला आणि एवढी विद्या हातातल्या हातात राहिली. घरात बसून ती पार कंटाळली होती, तेवढ्यात भाची आपला पसारा घेऊन मागच्या खोलीत राहायला आली.

भाची इंजिनिअर. चांगली नोकरी सोडून तिनं स्वतःची कंपनी काढली होती. कंपनी म्हणजे ती, तिचा लॅपटॉप आणि प्लायवूड कापायचं एक छोटं यंत्र. शाळेच्या बाकावर ठेवायचं स्टँड तिला बनवायचं होतं. पुस्तक त्यावर उभं राहणार, पुढे पेन-पट्टीसाठी खाच, म्हणजे मुलांची मान वाकायला नको आणि वहीला जागा मोकळी. कागदावर सगळं झकास होतं. पण शाळेतले बाक उतरते. अकराव्या नमुन्याची काही स्टँड घेऊन ती जवळच्या शाळेत गेली आणि भर तासात त्यातलं एक घसरत घसरत धाडकन खाली आदळलं. वर्ग खदाखदा हसला. जिचं पुस्तक पडलं ती मुलगी रडवेली झाली.

घरी आल्या आल्या भाचीनं सगळे नमुने पोत्यात कोंबले.

"चिमटा लावला तर जाड फळीला बसत नाही, चिकटपट्टी लावली तर निघत नाही. सोडते मी हा नाद, मावशी."

मावशीनं पोत्यातून एक स्टँड काढून उलटं केलं. खालची बाजू गुळगुळीत, आरशासारखी.

"अगं, अनवाणी धाडलंस की याला! घसरेल नाही तर काय करील बिचारं?"

भाचीला रडता रडता हसू फुटलं.

मावशीनं जुन्या डब्यातून काळं रबर काढलं, चार पाय कापले, चिकटवले. स्टँड जागचं हलेना. मग बाकीच्यांनाही तसेच पाय लावून सगळी स्टँड शाळेत वापरायला दिली. पण आठवडाभरात शाळेतून निरोप आला. नव्यानं रंगवलेल्या बाकांवर काळे डाग पडले होते. मुख्याध्यापिका तडकल्या होत्या. भाचीला शाळेत तोंड दाखवायची लाज वाटत होती.

"लाजून डाग जायचे नाहीत," मावशी म्हणाली आणि साबणाचं पाणी व फडकी घेऊन, शाळा सुटल्यावर, भाचीला ओढत घेऊन गेली.

दोघींनी एकेक बाक पुसला. शेवटच्या बाकापाशी मावशी दमून टेकली आणि तशीच बसून राहिली. चौथीत तिची शाळा सुटली होती. धाकटी बहीण तान्ही, तिला सांभाळायला घरात दुसरं कुणी नव्हतं. ती तान्ही म्हणजेच भाचीची आई. त्यानंतर मावशी आज पहिल्यांदा बाकावर बसली होती. तिचा हात लाकडावरून सावकाश फिरत राहिला. भाची शेजारी सरकून बसली.

मग मावशीनं तिथलं एक स्टँड समोर ओढलं, लहान मुलीएवढी होऊन खाली वाकली.

"बाळा, मला फळा दिसत नाही गं."

भाचीही वाकली. खरंच दिसत नव्हता. अकराही नमुने तिनं उभ्यानंच पाहिले होते.

स्टँड तीन बोटं बुटकं झालं. पाय आता पांढुरक्या रबराचे होते. बंदिस्त मैदानात खेळायच्या बुटांना तेच लावतात, डाग पडू नयेत म्हणून. या वेळी दोघी वर्गात मागच्या बाजूला उभ्या राहिल्या. तास सुरू झाला, संपला. मुलं वाचत होती, लिहीत होती, फळ्याकडे बघत होती.

"कुणी काहीच म्हणालं नाही," भाची हिरमुसून कुजबुजली.

"वेडे, चावतो तोच बूट आठवतो. बाकीचे नुसते चालतात."

त्या शाळेनं सगळ्या वर्गांसाठी स्टँड मागवली, मग आणखी दोन शाळांनी. कारखान्यातल्या दोन जुन्या मैत्रिणी आता मागच्या खोलीत पाय कापायला येतात आणि यंत्रापेक्षा जास्त आवाज करतात. नवी शाळा आली की भाची माप घ्यायला निघते. मावशी तिच्या आधी पायात चपला सरकवते.

"तू माप घे," ती म्हणते, "मी बसून बघते."