मेधा जवळकरच्या नावावरचे महिने

मेधा जवळकरवर मी जितकी चिडले आहे तितकी माझ्या नवऱ्यावरही कधी चिडले नसेन. कुवेतच्या शर्क भागातल्या आमच्या औषध एजन्सीत ती औषधांच्या सरकारी मंजुरीचं काम बघायची, मी हिशेब आणि हजेरी. खैतानला आम्ही एकाच इमारतीत राहायचो, ती तिसऱ्या मजल्यावर, मी चौथ्या. सकाळी माझ्या गाडीतून दोघी निघायचो. म्हणजे मी खाली हॉर्न वाजवत बसायचे आणि बाईंचं वर काहीतरी पूर्ण व्हायचं राहिलेलं असायचं.

अर्धवट काम हातातून सोडायचं नाही, हा तिचा बाणा. कऱ्हाडला तिच्या वडिलांचं शिवणाचं दुकान होतं. शेवटचं बटण लागल्याशिवाय कपडा गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, असा त्यांचा नियम. एका नवरदेवाचा कोट वरात घरी पोचल्यावर मिळाला, हे ती अगदी कौतुकाने सांगायची. मी विचारायचे, "अगं, त्या नवरदेवाला काय वाटलं ते विचारलं का कुणी?" ती हसायची. पण शिकायची काही नाही.

तिचा नवरा संग्राम पाच वर्षांपूर्वी इथेच गेला. सकाळी कामावर गेला, तिथेच छातीत कळ आली, आणि दुपारी मला मेधाला घेऊन हॉस्पिटलात धावावं लागलं. उर्वी तेव्हा लहान होती, यंदा ती बारावीला होती. पोरीचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, बापाच्या नावावरून स्वतःच्या नावावर करून घेताना मेधाने किती कचेऱ्यांचे उंबरे झिजवले ते मी पाहिलंय. तेव्हापासून मेधाची नोकरी म्हणजे दोघींचं कुवेत. नोकरी गेली की परवाना गेला, आणि उर्वीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत होती. मी सांगतेय ती गोष्ट जानेवारीतली.

भानगड काय झाली ती आधी नीट सांगते. नवीन औषधाचं पेटंट अर्जाच्या दिवसापासून वीस वर्षं चालतं. पण सरकारने तपासून पास केल्याशिवाय औषध दुकानात येत नाही. त्या तपासणीत वर्षं जातात आणि इकडे पेटंटचे दिवस भरतच असतात. आमच्या एका कंपनीच्या रक्ताच्या आजारावरच्या गोळ्या शेजारच्या एका अरब देशात अशाच रखडल्या होत्या. देशाचं नाव सांगत नाही, कारण माझी नोकरी अजून शाबूत आहे. त्या देशाच्या कायद्यात एक सोय आहे. सरकारी खात्याने वाजवीपेक्षा जास्त उशीर केला असेल, तर तेवढा काळ पेटंटच्या शेवटी जोडून मागता येतो. मात्र कंपनीने स्वतः घालवलेला वेळ त्यातून वजा होतो. खात्याने प्रश्न विचारला की तिथून पुढचा वेळ कंपनीच्या नावावर. उत्तर पोचलं की पुन्हा खात्याच्या नावावर.

खात्याने तेव्हा बारा प्रश्न पाठवले होते. अकरांची उत्तरं मेधाने भराभर तयार केली. बारावा प्रश्न होता, आखाती उन्हाळ्यात ही गोळी टिकते का? त्याचा अहवाल कारखान्याकडून यायचा होता आणि कारखाना काही तो देईना. दुसऱ्या कुणीही अकरा उत्तरं पाठवून बाराव्यासाठी मुदत मागितली असती. खातं देतं अशी मुदत, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण बाईंना बटणाशिवाय कोट द्यायचा नव्हता. तिने सगळीच उत्तरं अडवून ठेवली, महिनेच्या महिने. संग्राम गेला तो त्याच महिन्यांत.

पाच वर्षं कुणी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मग कंपनीने आमच्यामार्फत पेटंटच्या मुदतवाढीचा अर्ज करायचं ठरवलं, एजन्सीच्या वकिलाने जुना सगळा पत्रव्यवहार चाळला आणि त्याला ते महिने दिसले.

मंगळवारी यूनुसभाईंनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. यूनुस मुकादम आमचे मॅनेजर, मूळचे चिपळूणचे. एजन्सीचा मालक कुवेती, पण गाडा हाकायचे यूनुसभाई. माणूस वाईट नाही. आमच्याशी मराठीतच बोलायचे आणि ओरडायचे तेही मराठीतच. त्या दिवशी मात्र आवाज हळू होता, आणि मला त्याचीच धास्ती वाटली.

"मेधा, अर्ज गुरुवारी दुपारपर्यंत गेला पाहिजे. त्यानंतर घेत नाहीत. सगळं तयार आहे, फक्त तुझे ते महिने आडवे येतायत."

"येणारच," मेधा म्हणाली. "ते कंपनीच्या नावावर आहेत."

"वकिलाने वाट काढलीय. अर्जदाराच्या हाताबाहेरचं कारण असेल तर तो वेळ वजा होत नाही. तू शपथपत्र द्यायचं. पती वारल्यामुळे त्या काळात मी काम करू शकले नाही. एवढंच."

ते माझ्याकडे वळले. "विशाखा, हजेरीत तेवढी रजा दाखवायची."

मी हो म्हटलं. खरं तर तिची रजा जेमतेम दहा दिवसांची होती. पण मला त्यात काही पाप वाटलं नाही, आजही वाटत नाही. ज्या बाईचा नवरा असा उभ्या उभ्या जातो, तिला पुढचे चार-सहा महिने काम सुचलं नाही असं लिहिलं तर कुणाचं काय बिघडलं?

"मी काम करत होते, यूनुसभाई," मेधा म्हणाली.

"अगं, नवरा गेला हे खोटं आहे का?"

"नाही."

"मग झालं तर! हे बघ, स्पष्टच सांगतो. मोठ्या कंपनीला कळलं की हे महिने आपल्या टेबलावर गेले, तर पहिली तुझी जागा जाईल. एजन्सी वाचवायला मालक तुझंच नाव पुढे करतील, आणि मी आडवा पडलो तरी काही होणार नाही. पोरीची परीक्षा आहे ना? सही कर आणि मोकळी हो."

आम्ही बाहेर आलो तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. परतताना गाडीत मी तिला खूप समजावलं. ती खिडकीतून धुळकट रस्ता बघत बसली होती. घराजवळ आल्यावर म्हणाली, "जमियातून कोथिंबीर घ्यायची राहिली." जमिया म्हणजे आमच्या इथलं सहकारी दुकान. मला असा संताप आला की गाडी तिथेच उभी करून तिला उतरवावंसं वाटलं.

बुधवारी संध्याकाळी मी मुद्दाम तिच्या घरी गेले. उर्वी जेवणाच्या टेबलावर फिजिक्सचा पसारा मांडून बसली होती आणि मेधा समोर बसून मेथी निवडत होती. उर्वीला सगळं कळलेलं होतं.

"मावशी, प्लीज टॉक टू हर," मला बघताच ती म्हणाली. "इट्स वन सिग्नेचर. बाबा डाइड. दॅट्स अ फॅक्ट. ही का नाही सांगू शकत?"

"अगदी बरोबर बोलतेय पोर," मी म्हटलं. "मेधा, परीक्षेला महिना राहिलाय. आता परवान्याचा घोळ झाला तर ही कुठे जाणार? कऱ्हाडला जाऊन नवी शाळा शोधणार? तुझ्या तत्त्वांपायी पोरीचं वर्ष बुडवशील तू."

"तत्त्व बित्त्व नाही गं."

"मग काय आहे?"

ती नुसती पानं खुडत राहिली. उर्वीने पुस्तक धाडकन मिटलं. "यू ऑलवेज चूज युवर वर्क. ऑलवेज." एवढं बोलून ती आत गेली आणि दार लावून घेतलं. मेधाचा हात थांबला. मला वाटलं आता ही रडेल, रडली तर बरं होईल, मग तरी सही करेल. पण तिने मेथीची जुडी उचलली आणि पुन्हा सुरुवात केली. मी पण उठून वर आले आणि रात्रभर तळमळत पडले. मला मनापासून भीती वाटत होती. दहा वर्षं जिच्या दारावर कधीही थाप मारली तिचं दार बंद होणार, हे मला दिसत होतं.

गुरुवारी उर्वीला अभ्यासाची सुट्टी होती. आईवर भरवसा नाही म्हणून तीही आमच्याबरोबर ऑफिसात आली.

यूनुसभाई वाटच बघत होते. शपथपत्र छापून तयार होतं आणि फोनवर वकील ताटकळत होता. मेधाने खुर्ची ओढली आणि वाचायला घेतलं. ती वाचते तशी, एकेका ओळीवर बोट ठेवून. यूनुसभाईंनी दोनदा घड्याळाकडे बघितलं. उर्वी दाराला टेकून उभी होती, मी तिच्या बाजूला.

शेवटी मेधाने पेन उचललं. मी सुस्कारा सोडला. पण तिने सही केली नाही. एक परिच्छेद सरळ रेघ मारून खोडला आणि शेजारी काहीतरी लिहायला लागली.

"हे काय करतेस?" यूनुसभाई उठून उभे राहिले.

"त्या महिन्यांत उत्तरं माझ्याकडे होती आणि मी ती पाठवली नाहीत, असं लिहितेय. बाकीचा सगळा उशीर खात्याचा आहे, तो तसाच ठेवलाय. तेवढा मिळेल आपल्याला."

"आणि तुला काय मिळेल? डोकं ठिकाणावर आहे का? अगं, मी तुझ्यासाठी मरतोय इथे! पोरीकडे बघ एकदा."

"आई, प्लीज," उर्वी म्हणाली. "जस्ट साइन."

मेधाने पेन खाली ठेवलं. बोलली ती यूनुसभाईंशी, पण उर्वीकडे बघून.

"संग्रामला गावी नेलं आणि नवव्या दिवशी मी परत यायला निघाले. सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, तेरावं तरी होऊ दे. चार दिवसांचा प्रश्न होता. मी म्हटलं, मला कामावर गेलंच पाहिजे, नाहीतर जागा जाईल आणि पोरीला घेऊन मी रस्त्यावर येईन. उर्वीला तिथे ठेवलं आणि आले. ती बाई त्यानंतर माझ्याशी एक शब्द बोललेली नाही, आणि मी तिला दोष देत नाही. आता शपथेवर लिहून देऊ की त्या महिन्यांत मी काम करत नव्हते? मग तेराव्याला मी कुठे होते, यूनुसभाई?"

फोनवर वकील "हॅलो, हॅलो" करत होता. यूनुसभाई हळूच खाली बसले, चष्मा काढला, पुन्हा घातला. मग त्यांनी फोन उचलून वकिलाला तो परिच्छेद काढून मेधाने लिहिलेलं घालायला सांगितलं. वकील पलीकडून तावातावाने बोलत होता. "मालूम है मुझे," ते म्हणाले, "जैसा बोला वैसा करो."

नवा कागद छापून आला. मेधाने तो पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला, आणि मग सही केली. मुदत संपायच्या आत अर्ज गेला.

"मार्चपर्यंत मी कसंही करून सांभाळतो," यूनुसभाई तिला म्हणाले. "पेपर होऊ देत तिचे. पुढचं माझ्या हातात नाही." त्यांनी शब्द पाळला. पुढे निकाल लागला त्यात मेधाचे महिने वजा झाले, बाकीचा काळ कंपनीला मिळाला, आणि मेधाला एप्रिलपासून कामावरून कमी केल्याचं पत्र मिळालं. पण हे नंतरचं.

त्या गुरुवारी मी दोघींना घरी सोडायला निघाले. ऑफिसच्या लिफ्टमध्ये आम्ही तिघीच होतो. उर्वी आकड्यांकडे बघत होती. बघता बघता ती बोलायला लागली, आणि मराठीत. ही पोर आईशी मराठीत बोललेली मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती.

"तेराव्याला मी फाटकापाशी बसले होते. सगळ्यांची पानं मांडली तरी आत गेले नाही. आजी ओढून न्यायला आली, तरी नाही. मला वाटत होतं तू येशील."

मेधाने तोंडावर हात दाबून धरला. लिफ्ट खालच्या मजल्यावर येऊन थांबली.

"वर त्या टेबलावर होते मी," ती म्हणाली. "अकरा उत्तरं समोर घेऊन. बाराव्याची वाट बघत."

दार उघडलं तरी दोघी तशाच उभ्या राहिल्या. मी गाडी काढते म्हणून पुढे झाले, कारण मला रडू आवरत नव्हतं.