दादाच्या जागेची चौकशी

माझी नोकरीच संशयाची होती. लंडनच्या कडेच्या एका कौन्सिलमध्ये मी बेनिफिट फ्रॉडच्या विभागात होते. म्हणजे घरभाड्यासाठी सरकारी मदत घेणाऱ्यांपैकी कोण खोटं बोलतंय, ते त्यांच्या घरी जाऊन शोधायचं. ‘मी एकटीच राहते’ असं सांगणाऱ्या बाईच्या बाथरूममध्ये दाढीचा फोम दिसला की मी मुकाट्याने वहीत टिपून घ्यायची. अशी वीस वर्षं काढल्यावर माणूस हळदीकुंकवाला गेला तरी आधी दारातल्या चपला मोजतो. माझी मुलगी इथेच, आमच्या पिनर उपनगरात जन्मली, वाढली. ती म्हणायची, “आई, तू इतका सस्पिशस का असते? सगळे लोक क्रिमिनल नसतात.” तिचं मराठी मोडकंतोडकं होतं, पण माणसांवरचा विश्वास मात्र धडधाकट.

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. साउथहॅम्प्टनला एका हॉस्पिटलमध्ये भूल देणारा डॉक्टर होता. मूलबाळ नाही, वहिनी जाऊन चार वर्षं झालेली. आईवडील तर त्याच्याही आधी गेले आणि पुण्यातलं घर विकलं गेलं. त्यामुळे साउथहॅम्प्टनचं ते तीन खोल्यांचं घर हेच माझं माहेर होतं. महिन्यातून एकदा मी तिकडे जायची, सोफ्यावर पाय पसरून बसायची आणि दादा मला चहा करून द्यायचा. मी नुसती बसून राहावी आणि चहा समोर यावा, असं जगात दुसरं घर नव्हतं.

वहिनी गेल्यावर तो एका डॉक्टरांच्या गटाबरोबर इंडोनेशियातल्या लांबच्या बेटांवर जाऊ लागला. फाटलेल्या ओठांच्या मुलांची ऑपरेशनं करायला. त्यातल्या एका बेटावरच्या गावात त्याचा जीव रमला. मग गट गेला नाही तरी हा दर हिवाळ्यात एकटा जायचा. दोन हजार सालानंतरचा तो काळ. गावात फोन नव्हता, तीन-तीन आठवडे त्याची खबर नसायची. आणि एका रविवारी, मला चहा देता देता तो म्हणाला, “अगं, मी हे घर मार्केटवर टाकतोय. रिटायर झालो की तिकडेच राहणार. जागा बघून ठेवलीय, समुद्रापासून दहा मिनिटांवर.”

“विकत घेतलीस?”

“फॉरेनरला तिथे जमीन घेताच येत नाही. कागद तिथल्या शाळामास्तरांच्या नावावरच राहील.”

मी कप खाली ठेवला. “आणि मास्तर मागतायत किती?”

“काही नाही. ते लोक जमीन विकत नाहीत गं. माणूस आपला म्हणून घेतात, मग त्याच्याबरोबर जागा येते.”

त्याने पैसे सांगितले असते तर मला जरा बरं वाटलं असतं. पैसे मागणाऱ्या माणसाच्या मनात काय आहे ते कळतं तरी. फुकट जागा म्हटल्यावर माझ्या मनात पाल चुकचुकायला लागली, ती थांबेचना. हा तिथे स्वतःच्या खर्चाने घर बांधणार, मग एक दिवस मास्तर कागद दाखवून म्हणणार, नमस्कार, निघा आता. नाहीतर त्या मास्तरांना एखादी बहीण असणार. मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर परदेशात फसलेल्या गोऱ्या लोकांच्या कहाण्या शोधल्या, प्रिंट काढले आणि फाइल केली. पण खरी भीती त्या फाइलीत नव्हती. दादा गेला तर मला जायला ठिकाण उरणार नव्हतं, ही ती भीती. हे मी त्याला सांगितलं नाही. त्याला मी फाइल दाखवली.

त्याने चष्मा वर करून दोन पानं चाळली. “तू ये की बरोबर. बघ स्वतःच. नाहीतरी ते गेली दोन वर्षं मागे लागलेत, तुझ्या घरच्या कोणाला तरी घेऊन ये म्हणून.”

मला कशाला बोलावतायत? इथेही कुठेतरी पाणी मुरतंय, असं मी मनात म्हटलं आणि रजा टाकली.

सिंगापूर, मग बाली, मग पंख्याचं एक विमान. त्या विमानात बसायच्या आधी मला बॅगेसकट वजनकाट्यावर उभं केलं आणि आकडा सगळ्यांदेखत मोठ्याने वाचला. पुढे ट्रकमध्ये तांदळाच्या पोत्यांवर बसून चार तास. मग होडी. होडीत मला मळमळत होतं, आणि दादा उत्साहाने बोलत होता.

“ऐक हं. उद्या दुपारी सगळे जमतील. मास्तरांची आई तुझ्यासमोर पानाची टोपली धरेल. त्यातली एक सुपारी उचल. खायची नसेल तर नुसती हातात धर. तू उचललीस म्हणजे घरच्यांची हरकत नाही, असं धरतात.”

“बरं,” मी म्हटलं आणि होडीच्या कडेवरून मान बाहेर काढली.

गाव टेकडीवर होतं. उंच टोकदार गवती छपरांची वीस-बावीस घरं, घराखाली डुकरं बांधलेली, आणि मधल्या मोकळ्या जागेत दगडी थडगी. अंगणात तुळस असावी तशी घरोघर पूर्वजांची थडगी, आणि त्यांच्यावर भात वाळत घातलेला. दादाला तिथली पोरंटोरं ओळखत होती. एकाने त्याची बॅग घेतली, दुसऱ्याने टोपी. मी माझी बॅग सोडली नाही.

मी कामाला लागले. मास्तरांच्या घरामागे शाळेची खोली होती, तिच्यावर नवे कोरे पत्रे. “हे पत्रे कोणी दिले?” मी विचारलं. मास्तरांना जरा जरा इंग्रजी यायचं, पण त्यांनी दादाशी त्यांच्या भाषेत बोलणं पसंत केलं. ते चांगलं दोन मिनिटं बोलले. दादाने भाषांतर केलं, “सरकारने.”

“एवढंच म्हणाले?”

“बाकी पावसाबद्दल होतं.”

दोन मिनिटं पावसाबद्दल! मी दादाच्या जागेचे डिजिटल कॅमेऱ्यावर चारही बाजूंनी फोटो काढले. जागा म्हणजे काजूची पाच झाडं आणि खालचा निळा समुद्र. हद्दीचा दगड कुठे आहे म्हणून विचारलं तर मास्तर हसले. मास्तरांच्या घरी बायका किती, त्यातल्या बिनलग्नाच्या किती, तेही मी काढून घेतलं. एक होती. ती नऊ वर्षांची निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर मला झऱ्याकडे घेऊन गेले. दादा बरोबर नव्हता, तेव्हा ते थांबत थांबत इंग्रजीत बोलले. त्यातला मजकूर असा, की गावाला तीन वर्षं तुमच्या भावाचा संशय आहे. चांगला डॉक्टर आहे, पण एकटा येतो, एकटा जातो. ज्याच्या मागे कोणीच येत नाही, त्याने तिकडे काहीतरी केलेलं असणार. खून म्हणा, चोरी म्हणा. म्हाताऱ्यांनी सांगितलं, घरचं माणूस बघितल्याशिवाय याला गावात घ्यायचं नाही. “तुम्ही आलात,” मास्तर म्हणाले. “आता आई निवांत झोपेल.”

म्हणजे मी त्यांची चौकशी करत नव्हते, ते माझी करत होते! मला हसू आलं. खरं सांगते, त्या गावाबद्दल मला त्या क्षणी पहिल्यांदा आपलेपणा वाटला. ही माझ्याच खात्यातली माणसं होती. परत येताना मी मास्तरांना माझी बॅगही धरू दिली. फाइल तिच्यातच होती.

दुपारी मास्तरांच्या ओसरीवर पंचवीस-तीस माणसं जमली. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. दादा धुतलेला सदरा घालून मांडी घालून बसला होता, मुंजीच्या मुलासारखा ताठ. मास्तरांची आई माझ्यासमोर चटईवर येऊन बसली. बोळकं तोंड, पानाने लाल झालेले ओठ. तिने टोपली उघडून पुढे धरली. त्यात सुपारी होती, चुना होता, आणि विड्याच्या पानाऐवजी त्याच वेलीच्या बारीक हिरव्या शेंगा. चुन्याचा तो वास, चटई, समोर हसत बसलेली लाल ओठांची म्हातारी. मी क्षणभर कुठे आहे तेच विसरले. आणि तोंडातून आपोआप निघालं, “नको, नको. कशाला!” हात वर करून, मान हलवून, आपण म्हणतो तसं. आपल्याकडे पहिल्यांदा कोण हो म्हणतं? समोरच्याने म्हणायचं, अहो घ्या हो, असं काय करता. मग आपण म्हणायचं, बरं, एवढा आग्रह करताय तर. इंग्रज माणूस एकदाच विचारतो, हे मी त्या देशात पाऊल ठेवल्याच्या पहिल्या वर्षी उपाशी राहून शिकले होते. कौन्सिलमध्ये मी पहिल्या हाकेला बिस्किट उचलायची. पण इथे सगळं इतकं घरच्यासारखं होतं की घरची सवय वर आली.

बायकांची कुजबूज थांबली. म्हातारी माझ्याकडे बघत राहिली.

इथपर्यंत मी सगळ्यांना सांगते. मैत्रिणींना सांगितलंय, मुलीला सांगितलंय, आणि सगळ्या हसतात. या पुढचं मी कोणाला सांगितलेलं नाही.

म्हातारीने टोपली लगेच मागे घेतली नाही. तिने ती तशीच धरून ठेवली, बराच वेळ. मला होडीतलं दादाचं बोलणं आठवलं. पुरतं आठवलं, शब्दन् शब्द. नुसता हात पुढे केला असता तर झालं असतं. सगळे हसले असते, मीही हसले असते. दादा माझ्याकडे बघत होता, त्याच्या भुवया वर गेल्या होत्या, घे ना अशा अर्थाने. मी मांडीवरचे हात मांडीवरच ठेवले आणि काजूच्या झाडांकडे बघितलं. माझ्या मनात त्या वेळी मास्तरांबद्दल काडीचाही संशय उरला नव्हता. मनात एवढंच होतं, की दादा घरी यायला हवा.

म्हातारीने टोपलीवर झाकण ठेवलं. कोणी रागावलं नाही. कॉफी आली, केळी आली, पोरं पुन्हा ओरडायला लागली. संध्याकाळी दादा मास्तरांशी खूप वेळ बोलला. त्याने सांगून पाहिलं, की आमच्याकडे पहिल्यांदा नाही म्हणायची पद्धत आहे, ती चुकून बोलली, पुन्हा विचारा. मास्तर हसून त्याच्या पाठीवर थोपटत राहिले. बहिणीला एकदाच विचारतात, दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे तिच्यावर जबरदस्ती, असं त्यांनी सांगितलं. निघताना म्हातारीने माझे दोन्ही हात धरले आणि काहीतरी म्हणाली. दादाने त्याचं भाषांतर केलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

परतीच्या विमानात तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. सिंगापूर सुटल्यावर म्हणाला, “विसरलीस ना गं? मी होडीत सांगितलेलं?”

“हो रे. मळमळत होतं, डोक्यात शिरलंच नाही.”

“तेच म्हटलं मी,” तो म्हणाला. “चूक माझी. पुन्हा एकदा सांगायला हवं होतं.”

नोकरीत मी असं उत्तर कधी ऐकून घेतलं नसतं. कधी मळमळत होतं, किती वेळ, मग ‘बरं’ कशाला म्हणालीस, असे चार प्रश्न मी नक्की टाकले असते. दादाने एकही टाकला नाही. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला आणि डोळे मिटले.

पुढच्या वर्षी त्याने साउथहॅम्प्टनचं घर विकलं आणि वॉटफर्डला माझ्यापासून गाडीने वीस मिनिटांवर फ्लॅट घेतला. मीच शोधून दिला. आता मला माहेर वीस मिनिटांवर आहे. हिवाळ्यात तो अजूनही तिकडे जातो, पाहुणा म्हणून, आणि तीन आठवड्यांनी परत येतो. मी हीथ्रोला आणायला जाते. यायच्या दिवशी तो फार कमी बोलतो.

एका फेब्रुवारीत तो आल्यावर गाडीत म्हणाला, “मास्तरांची आई गेली. डिसेंबरमध्येच. अंगणात पुरलंय तिला.”

“अरेरे.”

“दर वर्षी तुझी चौकशी करायची. गावातल्या नव्या सुनांना तुझी गोष्ट सांगायची म्हणे. इतक्या लांबून आली, पण भावाला सोडून गेली नाही, बहीण असावी तर अशी.” तो हसला. “जाताना तुला तेच म्हणाली होती. मला तेव्हा सांगवलं नाही गं. राग आला होता तुझा.”

मोटरवेवर गर्दी होती. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. सांगावं असं पार ओठांवर आलं होतं. दादा बाहेर बघत होता, उन्हाने रापलेला, आणि मला एकदम दिसलं, की तो सत्तरीला आलाय. मी म्हटलं, “काय जेवशील? तुझ्याकडे आमटी करून ठेवलीय.” तो म्हणाला, चालेल. मग वॉटफर्डपर्यंत मला रडू येत होतं, ते त्याला सर्दी वाटली.