वैऱ्याच्या दप्तरातला बाप

"अहो बाई, तीस वर्षं आमच्या साबणाच्या कारखान्याला शिव्या घातल्यात, आणि आता आमचंच दप्तर बघायला मागताय?" गोदाम सांभाळणारा म्हातारा किल्ल्या वाजवत म्हणाला.

"शिव्या कुठं, भाऊ? पुस्तक लिहिलं. काढा ते गाठोडं खाली."

म्हातारा हसला. बाईंना सगळे साबणबाईच म्हणायचे. अर्थशास्त्राच्या प्राध्यापक, पण उभा जन्म साबणवाल्यांच्या उखाळ्यापाखाळ्या काढण्यात गेला. दर कुणी पाडले, कोण तगलं, कोण आडवं झालं. त्यांचा एक हट्ट होता. ज्याचा इतिहास लिहायचा त्याचे कागद नंतर, आधी त्याच्या स्पर्धकाचे. वर्गातल्या पोरांना म्हणायच्या, "स्वतःबद्दल माणूस थापा मारतो रे. वैऱ्यावर मात्र त्याची घारीची नजर असते."

एकाच ठिकाणी हा हट्ट त्यांनी पाळला नव्हता. बापाच्या बाबतीत.

बाप घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन कढयांवर साबण करायचा. पोर आठ वर्षांची असताना एका सकाळी कढया पालथ्या दिसल्या.

"बाबा, बंद का केलं?"

"मोठ्या माशानं गिळलं, पोरी."

एवढं बोलून तो दुसऱ्याच्या दुकानात तागडी धरायला गेला. भावकीनं त्याला नामर्द ठरवलं, तरी त्यानं हूं की चूं केलं नाही. कसं गिळलं, हे शोधता शोधता पोर अर्थशास्त्रज्ञ झाली. बुडालेल्या बेचाळीस छोट्या कारखान्यांचा तक्ता पुस्तकात छापला. बापाच्या ओळीत लिहिलं, 'दर पाडून संपवला.' पुरावा काय, तर बापाचा शब्द. तोवर बापही गेलेला.

दुपारी बापाच्या गावच्या फिरत्या विक्रेत्याचे त्या सालचे अहवाल हाती लागले. 'शेडवाल्याचा माल आपल्याहून सरस. दोनदा दर उतरवले, गिऱ्हाईक हलत नाही.' बाईंची छाती फुगली. पुढच्याच महिन्याचा कागद: 'शेडवाल्यानं आपणहून बंद केलं. बायकोला दमा, कढईची वाफ सोसत नाही. आता दर पूर्ववत करावेत.'

बाईंनी चष्मा काढला. आई त्यानंतर एकोणीस वर्षं जगली. आपल्यापायी काही बंद पडलं, याचा तिला कधी सुगावाही लागला नाही.

एकदा, एकदाच बाप समोर बसायला हवा होता. पाय पसरून, नखातला चुना काढत. "मला तरी सांगायचंस की रे," एवढंच म्हणायचं होतं. आता कुणाला म्हणणार?

"काय सापडलं?" म्हातारा डोकावला. "आम्हीच गिळलं ना?"

"तुमच्या घशात तो मावला नसता, भाऊ."

त्यांनी पिशवीतून स्वतःचं पुस्तक काढलं, बापाच्या ओळीवर काट मारली आणि बाजूला लिहिलं, 'घरचं कारण.' मग उरलेल्या एक्केचाळीस ओळींवरून बोट फिरवलं. त्यातल्या कितीतरी अशाच, मालकांच्या लेकरांच्या तोंडचं ऐकून लिहिलेल्या.

"भाऊ, वरची सगळीच गाठोडी काढा," त्या म्हणाल्या, आणि तक्त्याच्या पहिल्या ओळीपासून पडताळायला लागल्या.