अजानच्या आधीचा खजूर

झांझिबारच्या त्या वस्तीत रमजानात चोरून खाणाऱ्याला कासव म्हणतात, आणि हे नाव चिकटवण्यात पिलीचा हात कुणी धरू शकत नसे. भर दुपारी कुणाचा जबडा हलताना दिसला की ओट्यावरूनच ती टर उडवायची. नेमका तिलाच मधुमेह व्हावा! डॉक्टरांनी बजावलं, गोळ्या घेऊन दिवसभर उपाशी राहिलात तर कोसळाल. मौलवींनीही सांगितलं, आजाऱ्याला रोजा माफ आहे, रोज एका गरिबाला जेवू घाला म्हणजे झालं. पण मग वस्तीला कळेल ना! दवाखान्यात सोबत आलेल्या सुनेला, झुहुराला, तिनं गप्प बसवलं आणि सगळ्यांदेखत रोजा धरला.

तरुण बायकांना पाळीच्या दिवसांत तरी रोज्यातून सुटका असते. पन्नाशी उलटलेल्या पिलीनं ती सबब कुठून आणावी? त्या दुपारी नारळ खवताना तिला दरदरून घाम फुटला, हात लटपटू लागले. शहाणपणा एवढाच केला की मडक्यांमागे बसून पटापट खजूर तोंडात कोंबले. बिया मात्र तिथेच राहिल्या आणि सापडल्या त्या नणंदेला, किजाला.

"कोण गं कासव घरातलं?" किजानं विचारलं.

पिलीची मान वर होईना. चुलीपाशी बसलेली झुहुरा म्हणाली, "माझ्या आहेत, आत्या. पाळी आलीय मला."

"म्हणजे याही महिन्यात नाहीच."

मग किजाच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. लग्नाला तीन वर्षं झाली, पाळणा हलत नाही, खायला मात्र वेळेवर लागतं, असं काय काय ती पोरीला ऐकवत राहिली. पिलीनं एक शब्द काढला असता तर तिथेच मिटलं असतं. नारळ खवत बसली मेली.

संध्याकाळी सगळे चटईवर बसले, मध्ये खजुरांची बशी. झुहुरा कोपऱ्यात होती. तिचे सुकून पांढरे पडलेले ओठ पिलीला दिसले. पोरीची पाळी कुठली? रोजा होता तिचा. पाळीचं सांगूनही पाण्याचा घोटसुद्धा तिनं घेतला नव्हता.

अजानला अजून अवकाश होता. पिलीनं हात पुढे केला, खजूर उचलला आणि सगळ्यांसमोर खाल्ला.

"वहिनी, अगं, अजान व्हायचीय," किजा म्हणाली.

"दुपारच्या बिया माझ्या होत्या. मला मधुमेह आहे. कासव मी आहे, ही नाही."

कुणी हसलं नाही. झुहुरानं पाण्याचा पेला भरून सासूपुढे सरकवला आणि स्वतः अजानची वाट पाहत बसली. पिलीला तिच्याकडे बघवेना.