नीलम घोडी बोलली, पण फोनवर नाही

मागच्या महिन्यात एका सोमवारी सकाळी मी गोठ्यात मोबाइल धरून उभा होतो आणि पुण्याच्या एक ताई व्हिडिओ कॉलवरून आमच्या घोडीशी बोलत होत्या. मुदखेडजवळच्या आमच्या खेड्यात असं पहिल्यांदाच घडत होतं... दारात चार माणसं हसू दाबून उभी होती.

घोडीचं नाव नीलम. पांढरीशुभ्र, आठ वर्षांची. मी आणि धाकटा भाऊ गोविंद लग्नाच्या वरातीला घोडी देतो. नीलमला मी शिंगरू असल्यापासून वाढवलंय. हलगी वाजली की तिचे पाय आपोआप उचलायचे, आणि तरी वर बसलेल्याला धक्का नाही.

तुळशीचं लग्न झालं, वराती सुरू झाल्या आणि तिचं बिनसलं. एरवी शांत. पण डोक्याला वरातीचा साज चढवला की मागच्या दोन पायांवर उभी... भोकरच्या एका वरातीत नवरदेव पडता पडता वाचला.

त्या रात्री गोविंद म्हणाला, "दादा, लई झालं. उद्या कुणाचं पोरगं दगावलं तर तोंड दाखवायला जागा राहायची न्हाई." त्याचं चूक नव्हतं. धर्माबादचा एक व्यापारी पुढच्या रविवारी तिला न्यायला येणार, असं त्याने ठरवूनही टाकलं.

जनावरांच्या डॉक्टरांनी पाय, पोट, दात तपासले. काही सापडलं नाही. मग लातूरला शिकणाऱ्या माझ्या मुलीने, रेणुकाने, या ताईंचा पत्ता काढला. अ‍ॅनिमल कम्युनिकेटर म्हणजे प्राण्यांच्या मनातलं ओळखणाऱ्या. मी खंडोबाचा माणूस, कुणाच्या श्रद्धेला हसत नाही. आणि नीलम वाचणार असेल तर मी कुणाचेही पाय धरायला तयार होतो.

ताईंनी बराच वेळ डोळे मिटले. मग म्हणाल्या, तिच्या शरीराला काही झालेलं नाही, मन दुखावलंय. ती दुरावलेल्या आईची आठवण काढतेय. नीलमची आई तेव्हा शेजारच्याच दावणीला कडबा खात होती... आणि शेजारची म्हैस तिला आवडत नाही, असंही त्या म्हणाल्या.

गोविंद दारातून म्हणाला, "दादा, लगे हात म्हशीलाबी इचारून घे. तिचं काय म्हणणं हाय?"

शेवटी ताईंनी एक उपाय सांगितला. रोज सकाळी तिच्या कपाळाला कपाळ लावून पाच मिनिटं उभे राहा आणि माफी मागा. बाकीचं जाऊ द्या, एवढं मला पटलं. इतकी वर्षं तिच्याकडून काम घेतलं, माफी मागायला काय जातंय.

मंगळवारी उभा राहिलो, बुधवारी उभा राहिलो. नीलम आधी मान फिरवायची, मग हळूच डोकं टेकवायची. मी डोळे मिटून मनात एवढंच म्हणायचो... देवा, हिचं दुखणं मला कळू दे.

गुरुवारी आंघोळ करून कपाळाला भंडारा लावला आणि आग आग झाली. आरशात पाहिलं तर भुवयांच्या वर लाल लाल फोड. माझ्या बायकोने, सुमनने, मला उजेडात ओढलं.

"अवं, कुठं डोकं घातलंत?"

"घोडीच्या कपाळाला लावलं होतं."

"घोडीनं असं होत न्हाई. हा बिब्बा उतलाय. गोडंबीसाठी बिब्बे फोडताना माझ्या मायच्या हातावर असेच फोड यायचे."

बिब्बा म्हटल्याबरोबर मला सगळं आठवलं. दसऱ्याला घोडीची पूजा केली तेव्हा अख्खा गाव तिचं कौतुक करत होता. दृष्ट लागू नये म्हणून मीच काळ्या दोऱ्यात बिब्बा ओवून तिच्या कपाळावरच्या केसांत बांधला होता. पुढे ती बिथरायला लागली, तेव्हा दृष्ट लागलीच असं समजून आणखी एक बांधला... ताजा, तेलाने भरलेला.

तसाच गोठ्यात पळालो. कपाळावरचे दाट केस बाजूला केले. दोन्ही बिब्बे चेपलेले, खालची कातडी सोलून निघालेली. साजाचा कपाळपट्टा बरोबर त्याच जागी बसायचा. आम्ही पट्टा आवळायचो, तेल कातडीत उतरायचं, आणि ती मागच्या पायांवर उभी राहिली की आम्हीच तिला माथेफिरू म्हणायचो.

मी दोरा कापला. गोविंद माझ्यामागे येऊन उभा होता. जखम पाहून त्याने तिथूनच व्यापाऱ्याला फोन लावला. "मालक, रविवारी येऊ नका. घोडी इकायची न्हाई. चूक आमची हाय."

डॉक्टरांच्या मलमाने तीन आठवड्यांत जखम भरली. आणि परवा पुन्हा भोकरला वरात होती. मी साज हातात घेतला... नीलमने स्वतःच मान खाली घातली.

हलगी कडाडली आणि पोरगी अशी नाचली म्हणता! देवळापासून मांडवापर्यंत गच्च्यांवर माणसं, सगळीकडे मोबाइल वर. लगाम धरलेला गोविंद तिच्यापेक्षा जास्त नाचत होता. "दादा, बघून राहिलास ना?" हाव, बघून राहिलो होतो. डोळे भरल्यामुळे नीट दिसत नव्हतं, एवढंच.

काल ताईंना फोन करून सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे माझं चुकलंच की." मी म्हटलं, चुकलं. पण तुम्ही कपाळ टेकवायला लावलं नसतं तर आज ती धर्माबादला असती.

घोडेवाले मित्र आता विचारतात, अशा लोकांचा उपयोग होतो का? त्यांना जनावराचं बोलणं ऐकू येतं की नाही, मला सांगता येणार नाही. मी मात्र आता कुणाचाही सल्ला घेण्याआधी साज उतरवून तिच्या सगळ्या अंगावरून हात फिरवतो, केसांच्या मुळाशीसुद्धा.

तिचं दुखणं कळू दे म्हणून मागितलं होतं. खंडोबाने त्यातलं थोडं माझ्याच कपाळावर दिलं. फोड आता वाळलेत... डाग राहिला तरी माझी तक्रार नाही.