परवाचं पाणी

मिस्त्रींनी आयुष्यभर होड्या बांधल्या आणि अमावस्येलाच पाण्यात सोडल्या. चंद्र आणि सूर्य एका बाजूला येतात, दोघे मिळून समुद्राला ओढतात, उधाण येतं. यात विचारायचं काय? त्यांच्या वडिलांनीही कधी विचारलं नव्हतं.

ही होडी मात्र थोरल्या लेकीने बांधली होती. गुडघे गेल्यापासून मिस्त्री शेडच्या दारात स्टुलावर बसून हुकूम सोडत आणि थोरली त्यातले निम्मे ऐके. शेड पुढे तिच्या हाती द्यायची की पुतण्याच्या, हे या होडीवर ठरेल, असं ते चारचौघांत बोलून बसले होते. होडी लांब होती, म्हणून थोरलीने ती उतारावर नेहमीपेक्षा बरीच वर, भिंतीला लागून उभी केली होती. तिथवर पाणी चढलं तरच ती तरंगणार.

"आज अमावस्या. सगळ्यांना बोलावलंय," मिस्त्री म्हणाले.

"बोलावलंत तर चहा पाजा. होडी परवा सुटेल."

"चंद्र तुला विचारून चालतो काय?"

"चंद्र आज ओढतो, बाबा. पण एवढं थोरलं पाणी, त्याला अंग हलवायला वेळ लागतो. तुम्हाला सकाळी हाक मारल्यावर लागतो तसा."

मंडळी जमलीच. पाणी वर आलं. "सोड," मिस्त्री म्हणाले. थोरली हातोडा मांडीखाली दाबून बसून राहिली. पुतण्या गालात हसला. पाणी होडीच्या बुडाखाली हातभर अंतरावर येऊन थबकलं आणि मुकाट्याने मागे फिरलं. होडी अडवून धरणारी पाचर काढली असती, तर ओसरत्या पाण्यामागे होडी अर्ध्या वाटेत चिखलात रुतली असती. मिस्त्री त्या ओल्या रेघेकडे बघत राहिले. त्यांच्या होड्या उताराच्या पायथ्याशी असत. तिथे अमावस्येचं पाणी पुरे. परवाचं पाणी त्यांनी जन्मभर पाहिलं होतं, पण त्याच्याशी काही काम पडलं नव्हतं.

दोन दिवसांनी बघे थोडेच आले. पाणी ती रेघ गिळून भिंतीला भिडलं. "आता," असं मिस्त्रींच्या ओठांवर आलं, पण पाणी अजून चढत होतं आणि थोरली हलली नव्हती. त्यांनी तो शब्द गिळला. आयुष्यात एवढं जड काही त्यांनी उचललं नव्हतं. मग पाणी स्थिर झालं. होडीचा मागचा भाग झोपेतून कूस बदलावी तसा डुलला. थोरलीने पाचरीवर एकच घाव घातला, आणि होडी वंगण लावलेल्या फळ्यांवरून आपल्या घरी निघाल्यासारखी गेली.

मिस्त्री काठी टेकत घरी निघाले. वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत, "कार्टी माझं काडीचं ऐकत नाही." लोक एखाद्या बापाचं अभिनंदन करावं तसे हसत.

घरी बायकोलाही त्यांनी तेच ऐकवलं.

"मग काढून टाका तिला कामावरून," ती म्हणाली.

"मी कोण काढणार? शेड तिची आहे."

"कधीपासून?"

"आत्ताच सांगतोय ना," म्हणत मिस्त्री पाय धुवायला गेले.