बाद झालेल्याने आधी बोलायचं

राऊत बाईंना "छान" या शब्दाची किळस होती. किळस म्हणजे अगदी किळस; जेवताना ताटात केस निघाला की माणूस जसं ताट लांब सारतो, तसा त्यांचा चेहरा होत असे. खेळाचा तास संपल्यावर एखादं पोर घामाने निथळत म्हणालं, "बाई, आज छान खेळलो," की बाई नाक मुरडायच्या. "शी. छान म्हणजे काय? मला छान दिसत नाही. तुझा पाय काय करत होता ते सांग."

मी त्यांना पहिल्यांदा बघितलं ते अशाच एका "शी"च्या वेळी. माणिकपुरातल्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवायला नुकताच लागलो होतो. शिक्षकखोलीच्या खिडकीतून मैदान दिसायचं. मैदान कसलं, मातीचा एक तुकडा, खो-खोचे दोन खांब आणि कडेला चिंचेचं झाड. त्या झाडाखाली सातवीचा अख्खा वर्ग फतकल मारून बसला होता, आणि त्यांच्यात चाळिशीच्या एक बाई, तशाच फतकल मारून. ओढणी कमरेला गच्च बांधलेली, पायात मातीने मूळ रंग घालवलेले कॅनव्हासचे बूट, गळ्यात बुटाच्या नाडीला अडकवलेली शिट्टी. मला घाम, धूळ आणि ओले मोजे यांचं लहानपणापासून वावडं आहे. या तिन्हींपासून लांब राहता यावं म्हणूनच मी भाषा विषय घेतला असावा. मी खिडकी लावून घेणार होतो, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "बाद, बोल."

हा त्यांचा नियम होता. खेळ संपला की सगळ्यांनी झाडाखाली बसायचं आणि जो बाद झाला असेल त्याने आधी बोलायचं. आपण कसे बाद झालो ते सांगायचं. वाक्य "मी"पासून सुरू करायचं आणि त्यात दुसऱ्या कुणाचं नाव आणायचं नाही. त्याचं झालं की मग ज्याने त्याला बाद केलं त्याने बोलायचं, कसं केलं ते. दोघांच्या मध्ये कुणी हसायचं नाही, सल्ला द्यायचा नाही आणि टाळी तर मुळीच वाजवायची नाही. "टाळी वाजली की कान बंद होतात," असं बाईंचं म्हणणं होतं.

त्या दिवशी रेश्मा बाद झाली होती. किनाऱ्याकडच्या कोळीवाड्यातून येणारी मुलगी, माझ्या तासाला कधी तोंड न उघडणारी. "मला तन्वीने ढकललं," ती पुटपुटली.

"शी," बाई म्हणाल्या. "नाव घेतलंस की तुझं शिकणं तिच्या घरी राहायला गेलं. मीपासून बोल."

रेश्मा गप्प झाली. बाईही गप्प. एवढी मुलं गप्प बसून एका मुलीची वाट बघतायत, असं दृश्य मी कुठल्याही वर्गात बघितलं नव्हतं. शेवटी मातीकडे बघत ती म्हणाली, "मी मागं बगितलं. कोन येते ते बगायला. नि पाय थांबला."

"आता बाद करणारी."

तन्वी समोरच्या टॉवरमध्ये राहणारी, चुणचुणीत मुलगी. "ती मागे बघते हे मला माहीत होतं बाई. म्हणून मी लांबूनच जोरात पाय आपटला. मी पोचलेच नव्हते, पण तिला वाटलं पोचले."

जिंकलेल्या मुलीने आपली युक्ती सगळ्यांदेखत हरलेल्या मुलीच्या हातात ठेवली. पुढच्या तासाला तन्वीने पाय आपटला तेव्हा रेश्मा मान न वळवता खांबाला वळसा घालून निघून गेली. मी खिडकीत उभा होतो आणि माझ्याही नकळत "शाब्बास" म्हणालो. मग इकडेतिकडे बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना.

कधी कधी बाद करणारं पोर बोलायचंच नाही. युक्ती सांगायची म्हणजे ती जाणार, हे त्याला कळत असे. बाई त्याला रागवत नसत. उठताना ड्रेसची माती झटकायच्या आणि म्हणायच्या, "डाव बाकी आहे. उद्या." दुसऱ्या दिवशी नवा डाव सुरू व्हायच्या आधी त्या पोराचा नंबर यायचाच. बाकी राहिलेला डाव बाई विसरल्या असं कधी झालं नाही, आणि मुलंही विसरत नसत.

बाई जवळच्याच उमेळे गावच्या. वडिलांची केळीची वाडी होती, तिथे आता इमारती आहेत आणि इमारतीला नाव मात्र "बनाना ग्रोव्ह" असं काहीतरी दिलंय, हे सांगताना बाईंचं नाक पुन्हा मुरडायचं. एकदा मी त्यांना विचारलं, खेळून दमलेल्या मुलांना एवढं बोलायला कशाला लावता? त्या म्हणाल्या, "माझा बाप पाटाला पाणी सोडायचा आणि मग पाटाच्या कडेने शेवटच्या केळीपर्यंत चालत जायचा, पाणी पोचलं का बघायला. नुसतं सोडून घरी येणाऱ्यांच्या वाडीत पहिल्या चार केळींना चिखल आणि बाकीच्यांना ठणठणाट. सर, मी खेळवते म्हणजे पाणी सोडते. झाडाखाली बसते ते चालत जायला."

परीक्षा जवळ आली की आम्ही बाकीचे शिक्षक खेळाच्या तासावर डल्ला मारायचो. बाई तास द्यायच्या, पण एक अट घालून. "घ्या. तास संपल्यावर मुलांना विचारा, आज काय केलंत." मी समास शिकवले आणि विचारलं. पहिल्या बाकावरून उत्तर आलं, "बसलो." त्यानंतर मी तास मागितला नाही.

आता पुढचं सांगायचं म्हणजे मला तोंडात कडू आल्यासारखं होतं. पण सांगितलं पाहिजे.

सुरुवात एका आईपासून झाली. मुख्याध्यापकांच्या खोलीत मीही होतो. "माझा मुलगा घरी येऊन म्हणतो, मी आज घाबरलो म्हणून आउट झालो," त्या म्हणाल्या. "सगळ्यांसमोर असं बोलायला लावतात मॅडम. किती निगेटिव्ह आहे हे. त्याचा कॉन्फिडन्स जाईल ना." बाई शांतपणे म्हणाल्या, "तो घाबरला हे त्याचं त्याला कळलं. आता तो कमी घाबरेल." मुख्याध्यापक दोघींकडे आळीपाळीने बघून हसले. मऊ, कोमट, सगळ्यांना पुरून उरणारं हसू. "राऊत मॅडम, जरा पॉझिटिव्ह घ्या," ते म्हणाले. शिळ्या वरणावर साय यावी तसं ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं आहे.

दिवाळीनंतर दोन माणसं टेप घेऊन मैदान मोजायला आली. बाई कित्येक वर्षं खो-खोचं मैदान नव्याने आखून मागत होत्या. एक खांब तर वाकलाच होता. त्यांना वाटलं, अखेर झालं. त्यांनी स्वतः टेपचं टोक धरलं. मुलींना हाताशी घेऊन आडवे येणारे दगड उचलले. त्या माणसांना पाणी दिलं. त्या दिवशी बाई चक्क गुणगुणत होत्या, आणि तसं मी त्यांना आधी कधी बघितलं नव्हतं.

मोजमाप टर्फचं, म्हणजे प्लास्टिकच्या गवताच्या मैदानाचं होतं. आमच्या संस्थेचे अध्यक्ष कुठल्याशा लग्नात गेले होते, तिथे त्यांनी टर्फ बघितलं आणि ते भारावले. वसईत हल्ली गल्लोगल्ली टर्फ आहेत, आपल्या शाळेलाच का नको? मग जाळी आली, दिवे आले आणि मातीवर हिरवं प्लास्टिक अंथरलं गेलं. चिंच तोडली, कारण पानं पडतात. झाडाची पानं पडतात, हे अध्यक्षांनी सभेत तक्रारीच्या सुरात सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. दुपारी त्या प्लास्टिकमधून तापलेल्या टायरचा वास यायचा. त्यातले रबराचे काळे दाणे मुलांच्या मोज्यांत, डब्यांत, कानांत. संध्याकाळी तासावर भाड्याने घेऊन मोठी माणसं क्रिकेट खेळायची, तीन भाषांत शिव्या द्यायची आणि जाळीच्या कोपऱ्यात गुटखा थुंकायची. सकाळी मुलं त्या लाल डागांच्या शेजारी उभी राहून प्रार्थना म्हणायची. मला किळस वाटायला कधीच फार लागत नाही, पण तेव्हा मात्र रोज सकाळी चहा नकोसा व्हायचा.

टर्फच्या मागोमाग एक अॅकॅडमी आली. पोपटी टी-शर्टातला एक तरुण कोच, कानाला माइक. त्याने नमुना तास घेतला. मुलांना अर्धा तास पळवलं, गोल उभं केलं आणि ओरडला, "तर मग कसं वाटलं?"

"ऑसम," मुलं म्हणाली. काय म्हणायचं ते आधी सांगून ठेवलं होतं.

"आज काय शिकलो?"

"टीमवर्क."

मग प्रत्येकाच्या शर्टावर एक हसरा चेहरा चिकटवला. जो बाद झाला त्यालाही, ज्याने बाद केलं त्यालाही, आणि जो नळावर पाणी पीत होता त्यालाही. अध्यक्ष खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "शिक्षण खात्याच्या परिपत्रकात म्हटलंय ना, मुलांनी आपल्या शिकण्यावर चिंतन करावं? बघा, दोन मिनिटांत झालं." मी मागे वळून बघितलं. तोडलेल्या चिंचेच्या बुंध्याशी राऊत बाई उभ्या होत्या. त्यांनी "शी"सुद्धा म्हटलं नाही, तेव्हा मला भीती वाटली.

बाई विनाअनुदानित तुकडीवर होत्या. दर जूनला नेमणुकीचा नवा आदेश मिळायचा. एप्रिलमध्ये त्यांना तोंडी सांगण्यात आलं की या जूनला मिळणार नाही, खेळाचं सगळं अॅकॅडमी बघेल. आणि वर निरोप समारंभही ठेवला. हकालपट्टी करायची तर निदान मुकाट्याने करावी. पण आमच्याकडे त्यावरही शाल आणि नारळ.

समारंभ टर्फवर झाला. बूट काढायचे होते. प्लास्टिक पायाला चटके देत होतं. अध्यक्षांनी भाषणात सांगितलं की राऊत मॅडम स्वेच्छेने विश्रांती घेत आहेत. नावं घेऊन शिव्या घालण्यात मला संकोच वाटत नाही. मनातल्या मनात मी त्यांना घातल्या. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, दोन शब्द." बाईंनी शाल खुर्चीवर ठेवली, व्यासपीठावरून खाली उतरल्या आणि सातवीच्या मुलांत जाऊन फतकल मारून बसल्या. माइक घेतला नाही. गरजही नव्हती, एवढी शांतता झाली.

"आज मी बाद," त्या म्हणाल्या. "म्हणून आधी मी बोलणार. मैदान मोजायला माणसं आली, तेव्हा मी टेपचं टोक धरलं. कशासाठी मोजता, हे विचारलं नाही. मला जे हवं होतं तेच चाललंय असं मला वाटलं. मी खूष होते, म्हणून बघितलं नाही. मी तिथे बाद झाले."

एवढंच. कुणाचं नाव नाही. मी आ वासून बघत राहिलो. मला वाटलं होतं आता बाई एकेकाचा हिशेब करतील, आणि मी त्याची चव घ्यायला टपून बसलो होतो.

मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. एक, दोन, आणि ते एकटेच. एकाही मुलाने हात हलवला नाही. मुलं वाट बघत होती. मग एकेक करून सगळ्या माना वळल्या, व्यासपीठाकडे, मधल्या खुर्चीकडे.

अध्यक्षांनी मागे बघितलं, आपल्या मागे कुणी उभं आहे का म्हणून.

रेश्मा उठली. नव्या मुलाला आपण नियम सांगतो, तशा समजुतीच्या आवाजात ती म्हणाली, "सर, आता बाद करनाऱ्याने बोलायचं." तिनेही नाव घेतलं नाही.

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. घसा साफ केला. "छान," ते म्हणाले. "खूप छान बोलल्या मॅडम."

मुलं बसूनच राहिली. हे उत्तर नव्हे, हे सातवीतल्या शेवटच्या पोरालाही माहीत होतं. घंटा झाली तरी कुणी उठेना. मुख्याध्यापक ओरडले तरी उठेना. शेवटी बाई उठल्या. सवयीने त्यांनी ड्रेस झटकला. माती नव्हती, रबराचे काळे दाणे पडले. "डाव बाकी आहे," त्या म्हणाल्या. "उद्या" म्हणायला त्यांचं तोंड उघडलं आणि मिटलं. त्या नारळ न घेताच गेल्या.

सध्या त्या वटारकडच्या एका लहानशा शाळेत आहेत, तिथे मैदानात अजून माती आहे. जूनमध्ये आमची शाळा सुरू झाली आणि पहिल्याच तासाला पोपटी टी-शर्टाने विचारलं, "तर मग, कसं वाटतंय?" आता आठवीत गेलेली ती मुलं प्लास्टिकवर फतकल मारून बसली. रेश्मा म्हणाली, "सर, मागचा डाव बाकी हाय. तो झाल्याबिगर नवा नाय चालू होत." कोणाचं बोलणं राहिलंय, असं त्याने विचारलं, तेव्हा सगळ्या वर्गाने अध्यक्षांच्या खोलीकडे बघितलं. हे मी बाईंना फोन करून सांगितलं.  त्यांनी विचारलं, "मध्ये कुणी हसलं नाही ना?"

कुणी हसलं नव्हतं. अजूनही हसत नाही. अध्यक्ष व्हरांड्यातून जायला लागले की ती मुलं नीट नमस्ते म्हणतात, मग गप्प होतात आणि त्यांच्या तोंडाकडे बघत वाट बघतात.

अध्यक्ष हल्ली मागच्या फाटकाने येतात.